शेवटी येणाऱ्याचा हक्क

१

कुइक्का तळ्याकाठच्या खोपीत शिरल्याबरोबर हिल्कानं आधी लाकडांच्या पेटीत डोकावून पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटी रिकामी. एक ढलपी नाही की भूर्जाच्या सालीचा तुकडा नाही.

"बघ! बघ ही माणसं!" ती आतूनच ओरडली. "आयतं जळण जाळलं, ऊब घेतली आणि गेले तोंड वर करून!"

तिचा नवरा आल्पो बाहेर पायरीवर वाकून स्की काढत होता. "असू दे गं. मी फोडतो ना दोन ओंडके."

"तू? तू कुऱ्हाडीला हात तर लावून बघ. हात बांधून ठेवीन तुझे."

उत्तरेतल्या या राखीव रानात अशा खोप्या जागोजागी आहेत. कुलूप नाही, राखणदार नाही. स्कीवरून येणाऱ्यानं यावं, शेगडी पेटवावी, फळ्यांच्या लांब माचावर पथारी टाकावी. निघताना मात्र पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. बोटं बधिर झालेला कुणी रात्री-अपरात्री आलाच, तर त्याला नुसती काडी ओढता आली पाहिजे. एवढं साधं, आणि तेवढंही लोकांच्यानं होत नाही! हिल्कानं उभा जन्म शाळेची बस चालवली होती. दंगा करणाऱ्या पोराला आरशातून नुसतं बघितलं की पोर गप्प बसायचं. नियम मोडणारा माणूस तिला शत्रूसारखा वाटे.

आल्पो आत आला. बाहेर दारापाशी टांगलेला खराटा त्यानं येताना बुटांवरून एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवला, झालं. फळ्यांवर पाण्याची थारोळी.

"चाळीस वर्षं सांगतेय, बूट नीट झाड! टाच, चवडा, कडा! मग माझेच मोजे भिजतात."

"झाडले की."

"झाडले नाहीत. खराट्याला नुसता नमस्कार केलास."

तो हसला आणि छातीवर हात ठेवून माचावर बसला. तो हात बघून हिल्काला आणखीच राग आला. ती शेगडी पेटवायला वळली, लोखंडावर तळवा टेकला आणि चटका बसून मागे घेतला.

शेगडी गरम होती.

"आत्ताच गेलेत म्हणजे! थांब, गाठतेच त्यांना. परत आणून लाकडं फोडून घेते." ती तरातरा बाहेर आली. ऊन लख्ख पडलं होतं. वादळानंतरचा ताजा बर्फ खोपीभोवती गुळगुळीत पसरला होता, त्यावर पाखराच्या पायाचाही ठसा नव्हता. पुढे गोठलेलं तळं, आणि तळ्यावरून आलेल्या दोन रेघा. एक तिची, एक आल्पोची. तिसरी कुठेच नाही.

वाऱ्यानं बुजल्या असतील, तिनं मनाशी म्हटलं. पण वारा नव्हताच. आणि वाटेच्या तोंडाशी कॉफीचं दुकान चालवणारी सिल्वी सकाळीच म्हणाली होती, "वादळानंतर तिकडे कुणी फिरकलेलं नाही. पहिली वाट तुम्हीच पाडणार."

मग शेगडी कशी तापली? हिल्का पडवीत गेली आणि रागारागानं ओंडके फोडू लागली.

२

खरं तर इथं यायचंच नव्हतं. शरद ऋतूत आल्पो घरामागच्या बटाट्याच्या वाफ्यात आडवा पडला होता. छाती उघडून डॉक्टरांनी काय जोडायचं ते जोडलं, आणि बजावलं की यंदा स्की नाही. बेकरीत राईची भाकरी भाजण्यात आयुष्य काढलेला हा गरीब माणूस, कधी कुणाला उलट बोलला नाही. पण एप्रिल आला आणि हट्टाला पेटला. लग्न झाल्यापासून दरवर्षी एप्रिलात ती दोघं या खोपीत येत होती. एकदा जायचंच, म्हणाला. एकदाच.

"एकदाच म्हणजे काय रे? मरायचा विचार आहे का?"

"तसं नाही गं."

"तसं नाही तर कसं?"

तो उठून स्कींना मेण लावू लागला. म्हणून ती आली होती. याला नेते आणि धडधाकट परत आणते, एवढंच तिनं ठरवलं होतं. त्यापुढे तिला दुसरं काही नको होतं. तो वाफ्यात पडला होता तेव्हा ती स्वयंपाकघरात त्याच्यावरच कशावरून तरी चिडून बसली होती, आणि त्यामुळे बराच वेळ बाहेर गेली नव्हती. त्या गोष्टीचा राग अजून गेला नव्हता. त्याच्यावरचाही, स्वतःवरचाही.

आल्पोचा स्वभाव मुलखाचा भिडस्त. रांगेत मागच्याला पुढे सोडणार, बसमध्ये उठून जागा देणार. शेजाऱ्यानं कुंपण हळूहळू आत सरकवलं, तर हा म्हणाला, "त्याला हवं असेल." भीड भिकेची बहीण, असं हिल्का त्याला किती वेळा सुनवायची.

आणि खोपीचा दुसरा नियम तर त्याच्या स्वभावावर बेतल्यासारखाच होता. जो शेवटी येतो, त्याचा हक्क पहिला. आधी आलेल्यांची विश्रांती झालेली असते. नवा आला की त्यांनी सरकायचं, आणि जागा पुरेना झाली तर आधी आलेल्यांनी उठून पुढची वाट धरायची. गेल्या वर्षी याच माचावर शहरातली काही तरणीताठी पोरं हातपाय पसरून पडली होती आणि दारात उभ्या असलेल्या एका दमलेल्या बाईला "जागा नाही" म्हणाली होती. हिल्कानं त्यांची अशी काही हजेरी घेतली की ती पोरं मुकाट्यानं पिशव्या भरून निघून गेली. "शेवटी येणाऱ्याचा हक्क!" ती शेगडीवर डाव आपटत ओरडली होती. "हा तुमच्या बापाचा बंगला नाही!" आल्पो कोपऱ्यात लाजून बसला होता. मनातून त्याला बायकोचा अभिमानही वाटला होता. तसं त्यानं घरी गेल्यावर सांगितलं होतं.

३

सूप उकळत होतं. दुपार कलली होती, तरी उत्तरेतलं एप्रिलचं ऊन खिडकीतून थेट माचावर पडलं होतं. आल्पो भाकरी कापत होता. त्याच्या ओठांचा रंग हिल्काला आवडला नाही.

तेवढ्यात तळ्याकडून स्कीचा आवाज आला. सर्र, सर्र, सर्र. खोपीपाशी थांबला. काठ्या बर्फात रोवल्याचा आवाज झाला, एक, मग दुसरी. मग खराटा. कुणीतरी बूट झाडत होतं, सावकाश, नीट. टाच, चवडा, कडा.

"बघ, याला म्हणतात झाडणं," हिल्का म्हणाली.

आल्पोनं लगेच पथारी गोळा केली आणि भिंतीकडे सरकला. "या, या! जागा आहे!"

खराटा थांबला. दार काही उघडलं नाही.

दोघं दाराकडे बघत राहिली. सूप उतू जायला आलं तसं हिल्कानं ते खाली उतरवलं. "लाजतोय की काय?" म्हणत तिनं जाऊन दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. भिंतीला दोघांच्याच स्की टेकलेल्या होत्या. तळ्यावर त्या दोनच रेघा. खराटा मात्र खुंटीला हलत होता. आणि पायरीवर, जी तिनं मघाशी स्वतः लख्ख झाडली होती, त्या पायरीवर बर्फाची ढेकळं पडली होती. एका ढेकळावर बुटाच्या तळाची नक्षी स्पष्ट उमटलेली होती.

छपरावरून पडलं असेल, ती म्हणाली. छपरावर बूट कुठून येणार, हे तिच्या मनात आलं. ते तिनं मनातच दाबलं आणि दार आपटून लावलं.

"कोण आहे?" आल्पोनं विचारलं.

"कुणी नाही. सूप पी."

४

मग ते थांबेनाच. सूप पिऊन होईपर्यंत पुन्हा स्की, पुन्हा काठ्या, पुन्हा खराटा. जरा वेळानं आणखी. दर वेळी हिल्का तिरीमिरीत उठून दार उघडे, आणि दर वेळी बाहेर लख्ख ऊन आणि मोकळं तळं. पायरीवरची ढेकळं तेवढी वाढत चालली होती.

"लाकूड तापलं की आवाज करतं," ती म्हणाली. "बर्फ वितळून घसरतो. तळ्याला तडे जातात. रानात काय कमी आवाज असतात?"

आल्पोनं पथारी आणखी थोडी भिंतीकडे ओढली.

तिनं खिडकीशी भांडी विसळली आणि वळली. आल्पो माचाच्या पार टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. खांदे आक्रसलेले. बाकीचा सगळा माच रिकामा पडला होता.

"असा काय बसलायस चोरासारखा? पाय पसर की!"

"पुरतंय मला."

"पुरतंय काय? अख्खा माच पडलाय!"

त्यानं माचाकडे एक नजर टाकली आणि ओशाळं हसला, पाहुण्यांसमोर बायको मोठ्यानं बोलली की हसायचा तसा. "हळू बोल गं," तो म्हणाला. "दमून आलेत."

हिल्काच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि त्याच क्षणी तिला इतका संताप आला की काटा कुठल्या कुठे गेला. "कोण आलेत? नाव सांग! तोंड दाखव मला एकाचं!"

ठिप्प. शेगडीवर पाण्याचा थेंब पडला आणि चुर्रकन उडून गेला.

शेगडीच्या वर मोजे वाळत घालायची दोरी होती. तिनं आल्पोचे आणि स्वतःचे मोजे एका टोकाला टाकले होते, ते केव्हाच वाळून खडखडीत झाले होते. दोरी मात्र मधोमध खाली झोळ देऊन लोंबत होती. भिजल्या लोकरीनं ओढावी इतकी ताणलेली, आणि तिच्यावर काहीच नव्हतं. ठिप्प. आणखी एक थेंब.

हिल्कानं हात वर केला, दोरीखालची हवा चाचपायला. मग कसा कोण जाणे, हात आपोआप खाली आला. तिची हिंमत झाली नाही, आणि हिंमत झाली नाही याचाही तिला राग आला.

५

"चल, निघू या इथून," ती म्हणाली. पण आल्पो उभा राहिला आणि लगेच भिंतीला धरून खाली बसला. कपाळावर घाम, ओठ निळसर. फोनला या रानात सिग्नलची एक रेघही येत नव्हती. याला आता तळं ओलांडवणार नाही, हे तिला कळलं. सकाळपर्यंत इथंच, शेगडीपाशी. उद्या कुणी येईल, नाहीतर ती एकटी जाऊन बर्फावरची गाडी घेऊन येईल.

"पड तू. पाय पसरून पड. कोण उठवतं बघते."

ती त्याच्याशेजारी बसायला गेली आणि तिला जागा मिळाली नाही. डोळ्यांना दिसत होत्या त्या नुसत्या फळ्या. पण ती टेकली तर ढुंगणाखाली काहीतरी होतं, आणि ते सभ्यपणे थोडंसं सरकलं. ती ताडकन उठली.

बाहेर पुन्हा खराटा वाजू लागला.

आल्पोनं हात लांब करून बूट ओढले आणि पाय घालू लागला.

"काय करतोयस?"

"आपण आधी आलोय, हिल्का. आपली विश्रांती झालीय."

"विश्रांती? आरशात तोंड बघ! दारापर्यंत तरी जाशील का?"

"जागा नाही उरली गं." तो अगदी हळू, समजूत घालत बोलत होता. "नियम आहे. तूच तर सगळ्यांना ओरडून सांगतेस."

ते तिला वर्मी लागलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, आणि हा त्या भटाला वर पांघरूण घालणार! चाळीस वर्षं या माणसानं जो येईल त्याला जागा दिली, आणि आता छातीला टाके असताना बर्फात निघाला होता, का, तर कुणाची गैरसोय नको. तिनं वाकून त्याचे बूट पायांतून उपसून काढले.

"कुठेही जायचं नाही! समजलं? बूटच नेते मी, बघू कसा जातोस."

"तू कुठे चाललीस?"

तिला ते तेवढ्यातच सुचलं होतं. नियम ना? मग नियमानंच घेते एकेकाला. शेवटी येणाऱ्याचा हक्क. शेवटी मीच आले तर? मी बाहेर जाईन, तळ्यावर जाईन, परत येईन, आणि या दारात उभी राहिले की माझ्यानंतर कुणी नाही. माझा शब्द चालेल. आल्पो माझा माणूस, माझ्याजवळ राहील. यात चूक कुठे आहे, हे तिला दिसलं नाही. रागात असली की तिला पुढचंच दिसायचं, बाजूचं नाही.

"आलेच," ती म्हणाली. "जागचा हलू नकोस."

"बरं," आल्पो म्हणाला. तो नेहमी बरंच म्हणायचा.

६

त्याचे बूट बगलेत मारून ती स्कीवर चढली आणि तळ्यावर निघाली. हिवाळी वाटेवर खूण म्हणून लाकडी फुल्या रोवलेल्या असतात, त्यातल्या पहिल्या फुलीपर्यंत गेली. तिथं वळून पाहिलं. सूर्य खाली आला होता, बर्फ पिवळा झाला होता. खोपीच्या धुराड्यातून सरळ धूर चढत होता. कोण म्हणेल तिथं काही वाईट आहे?

ती परत आली. मुद्दाम आवाज करत. काठ्या रोवल्या, एक, मग दुसरी. खराटा घेतला आणि बूट झाडले, टाच, चवडा, कडा, पुन्हा टाच, इतके की आतल्या प्रत्येकाला ऐकू जावं. मग दार सताड उघडलं.

"मी शेवटची आले आहे!" बसमधल्या त्या जुन्या आवाजात ती गरजली. "दमून आले आहे. माझ्यामागे कुणी नाही. आता आधी आलेल्यांनी उठायचं. चला! सगळे!"

क्षणभर काही झालं नाही. मग माचाच्या फळ्या कुरकुरल्या, एकेक करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेगडीवरची दोरी झटक्यानं वर उडाली आणि सरळ ताठ झाली.

हिल्का पायरीवर बाजूला झाली. उघड्या दारातून गारवा जाऊ लागला, सलग नाही, थांबून थांबून. एकामागून एक, कुणी धक्का न देता. ओल्या लोकरीचा वास, धुराचा वास. ती कमरेवर हात ठेवून दारचौकटीकडे बघत उभी होती. भीती वाटत होती, पण जिंकल्याचा तोराही होता. "हां, असं!" ती पुटपुटली. "जनाची नाही तर मनाची ठेवावी माणसानं."

सगळ्यात शेवटी तिच्या कोपराला कुणीतरी हलकेच हात लावला. अरुंद स्वयंपाकघरात तिच्यामागून जाताना आल्पो लावायचा तसा, "जरा सरक हं" म्हणताना. राईच्या भाकरीचा वास आला. सवयीनं ती सरकली. तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही. ती अजून चिडलेलीच होती, आणि दार केव्हा लावता येईल याची वाट बघत होती.

मग ती आत गेली. "झालं! गेले सगळे. आता पसर पाय."

माच रिकामा होता. पथारीला हात लावला तर ऊब होती. दोरीच्या एका टोकाला फक्त तिचे मोजे.

ती बाहेर धावली. तळ्यावर, फुलीच्याही पुढे, पिवळ्या उन्हात माणसांची एक ओळ चालली होती. राखाडी, धूसर, डोळे किलकिले केले की दिसायची आणि नीट पाहिलं की पुसट व्हायची. पण ओळीच्या शेवटी नारिंगी टोपी होती. ती टोपी तिनं स्वतः विणली होती. टोपीवाला एकदा थोडा कडेला झाला, पुढे कुणी अडखळलं असावं, त्याला वाट द्यायला.

"आल्पो!" ती ओरडली. "आल्पो, तू नाही! मी तुला नाही म्हटलं!"

ओळ थांबली नाही. त्याची स्कीची जोडी भिंतीला टेकलेली होती. त्याचे बूट तिच्या बगलेत होते. तळ्यावर रेघा होत्या त्या जुन्या दोन, आणि तिची नवी.

७

शोध झाला. माणसं आली, कुत्री आली, उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर तळंही धुंडाळलं. खोपीपासून कुणाची पावलं निघालेली नव्हती. पोलिसांनी हळुवारपणे पुन्हा पुन्हा तेच विचारलं, तो गेला कुठे, आणि हिल्का त्यांच्या अंगावर धावून गेली. सिल्वीनं तिला घरी नेलं, कॉफी दिली, म्हणाली, "तुझा काय दोष?" हिल्कानं कप आपटला. "मी म्हटलं सगळे. नुसतं 'तुम्ही' म्हटलं असतं तर? 'सगळे' म्हणायची काय गरज होती मला?" सिल्वीला काही कळलं नाही.

पुढच्या एप्रिलात ती एकटी आली. मुद्दाम पहिली, वादळानंतर लगेच, कुणाची वाट पडायच्या आत. पाठीवरच्या पिशवीत आल्पोचे बूट होते. पेटी काठोकाठ भरेल इतकी लाकडं तिनं फोडली. शेगडी पेटवली. मग माचाच्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसली, आणि बाकीचा सगळा माच मोकळा ठेवला. जो शेवटी येईल त्याचा हक्क. त्यानं यावं, मला उठवावं, बाहेर घालवावं, काही म्हणणं नाही. फक्त त्यानं यावं.

ऊन माचावर आलं तेव्हा तळ्याकडून आवाज आला. एकच माणूस. सर्र, सर्र, मध्येच दम खायला थांबत. काठ्या रोवल्या. पायरी करकरली.

हिल्का श्वास रोखून बसली. आता खराटा एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि दार.

खराटा वाजू लागला. टाच. चवडा. कडा. पुन्हा टाच. सावकाश, नीट, तिनं चाळीस वर्षं ओरडून शिकवलं होतं अगदी तसा. पुन्हा चवडा. पुन्हा कडा.

"पुरे झालं रे!" ती ओरडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज रागानं फाटला होता. "झाले स्वच्छ! ये आता! बर्फासकट ये, भिजव सगळं घर, मी काही बोलणार नाही! ऐकतोयस का, मेल्या? तसाच ये!"

खराटा थांबला नाही. टाच, चवडा, कडा.